कलम

फाइल उघडली की वरच्या अडतीस ओळी
यंत्र वाचतच नाही, ओलांडून जातं.
मीही तशीच जात होते, दोन वर्षं,
सरळ एकोणचाळिसाव्या ओळीवर, कामाला.

काम कळमन्याच्या काट्याचं.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
थरथर निवेपर्यंत थांबायचं, मग पावती.
ही थांबण्याची रीत माझी नव्हे.
आयती मिळाली एका रात्री, परसोडीच्या ऑफिसात,
कूलरची खस वाळलेली, दिवसा सेहेचाळीस झालेलं.
आम्ही तिच्यावर आमचं चढवलं:
खोक्याचं वजन वजा, ओल्या गवताचं वजा,
हमालानं काट्यावर पाय ठेवला तर तोही वजा.

ढबाले सर म्हणाले, "वरचं ते काढून टाक ना वो.
कोण पाहून राहिलं? फुकटच तं आहे."

काढायला ओळी निवडल्या. सगळं निळं झालं.
त्या निळ्यात एक नाव: आर्वो केस्किनेन.
त्याखाली, वेगळ्या तारखेनं,
सुनंदा गजघाटे, चंद्रपूर.
"उन्हानं तापलेल्या काट्याचा आकडा सरकतो, तो आवरला."
चंद्रपूरच्याच बाईला सुचणार हे.
बोट उचललं.

सीताबर्डीवर परवान्याची झेरॉक्स काढली,
अकरा पानं, बावीस रुपये,
आणि रविवारी पोह्यांवर तर्री ओतत वाचली.
फुकट हा शब्द सापडेना.
कलमं होती.
घरात ठेवून हवं ते कर, कोणी विचारणार नाही.
पण उंबरठ्याबाहेर कोणाच्या हाती दिलंस
तर नुसतं फळ देऊ नकोस, झाडही दे.
काय बदललंस ते लिही, कधी तेही.
आधीची नावं असू दे.
आणि जे कुलूप तुला कोणी घातलं नाही
ते पुढच्याला घालू नकोस.
शेवटी, जाड अक्षरांत: हमी कसलीच नाही.
हे वाचून बरं वाटलं. इतकं खरं
आमच्या माहितीपत्रकात एक वाक्य नव्हतं.
पान तीनवर तर्रीचा डाग पडला.

कलम म्हटलं की मला झिबलमामा दिसतो,
काटोल रोडच्या रोपवाटिकेत उकिडवा,
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना.
"जंबेरी आंबट राह्यते, कोणी तोंडात धरत नाही.
पण संत्रं उभं कोणाच्या पायावर आहे?"
प्रत्येक रोपाला तो पत्र्याची चिठ्ठी अडकवायचा,
मातृवृक्ष सात, मातृवृक्ष बारा.
गिऱ्हाईक घरी नेऊन ती फेकून द्यायचं.
मामाला ठाऊक होतं. तरी अडकवायचा.

गजघाटेबाईंना ई-मेल टाकला,
आम्हाला वेगळी सूट द्याल का, पैसे देऊ.
रात्री परत आला. असा पत्ता नाही.
बाई कुठे गेल्या कळलं नाही,
अट मात्र जागेवर होती.

सर दोन दिवस भांडले.
"उद्या दुसरा कोणी हेच विकन."
विकेल.
"मंग आपण काय विकाचं?"
काटा बंद पडला की रात्री दोनला येणारं माणूस.
सर काही बोलले नाहीत. चहा सांगितला,
एकच.

कळमन्याला पेनड्राइव्ह दिला.
अडत्या म्हणाला, "हे दुसरं फोल्डर कायचं?"
मी म्हटलं, झाड.
त्याला वाटलं बाईला ऊन लागलं.

नवव्या दिवशी फोन.
त्याच्याकडचा पावत्या फाडणारा पोरगा.
"मॅडम, दोनशे चौदाव्या ओळीत
हमालाचा पाय दोनदा वजा होऊन राहिला.
मी केलं बराबर."
ती ओळ माझी होती.
"वर लिहाच लागते ना? वाचलं मी.
पण नाव कोणतं टाकू,
घरचं का शाळेतलं?"